फांद्यांखाली, मुळांत, जलपर्णीत ल्यूर पोचवायचा कसा?

कर्लीकाठचा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गरवायला (मासे पकडायला) लहानपणापासून जातो, पण ते सगळं हातदोरी आणि जिवंत कोळंबीवर. ल्यूर, म्हणजे कृत्रिम आमिष, हाती घेतला तो गेल्या दिवाळीनंतर.

आमच्या खाडीत भरतीला तांबोशी (मासा) कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत शिरते आणि ओहोटी लागली की मुळांच्या कडेला येऊन थांबते. जागा माहीत आहेत, वेळ माहीत आहे. अडचण एकच आहे. फांद्या पाण्यापासून जेमतेम दोन-अडीच फुटांवर लोंबतात. डोक्यावरून कास्ट मारली (ल्यूर फेकला) की तो फांदीत. जपून मारली की तीन फूट अलीकडे, आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही.

रॉड ६ फूट ६ इंच मिडियम, स्पिनिंग रील ३००० ची, ब्रेडेड लाइन २० पाउंड, लीडर (ल्यूरजवळचा जाड लाइनचा तुकडा) ३० पाउंड. बेटकास्टर (दुसऱ्या प्रकारची रील) घेतल्याशिवाय हे जमत नाही असं एका दुकानदाराने सांगितलं. खरं का?

---

मरळवेडा_भंडारा | रविवार, रात्री १०.०५

दुकानदार दुसरं काय सांगणार राजेहो! पण अर्ध खरं आहे. बेटकास्टरवर अंगठा थेट स्पूलवर (लाइन गुंडाळलेल्या चाकावर) असतो, ल्यूर पाहिजे तिथं थांबवता येतो. जमल्यावर सोडवत नाही. जमेपर्यंत मात्र लाइनचे गुंते सोडवत बसायची तयारी ठेवा.

---

जुना_खाडीकर | रविवार, रात्री ११.३०

रील बदलू नका. आहे त्यावरच होतं. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतो आणि उत्तरं ब्रँडवर जाऊन संपतात.

तुम्हाला दोनच गोष्टी हव्या आहेत. ल्यूर उडताना पाण्यापासून किती वर आहे, आणि तो हव्या त्या जागी थांबतो का. लांबी विसरा. खाडीत होडी मुळांपासून सात-आठ मीटरवर उभी करता येते, तिथून तीस मीटरची कास्ट घेऊन करायचं काय?

उंची कमी करायची तर रॉड बाजूने चालवायचा. रॉडचं टोक कमरेच्या खाली, जवळजवळ पाण्याला समांतर. हात खांद्यातून फिरवू नका. कोपर बरगडीला लागलेलं राहू दे, काम मनगटाने करा. रॉडला वाकायला वेळ मिळाला पाहिजे, फेक त्याच्याकडूनच येते. टोकापासून ल्यूर फूटभरच लोंबता ठेवा. लांब लोंबता ठेवलात की तो आधी वर जातो आणि मग पुढे.

दिशेचं गणित सोपं आहे. उजव्या हाताने बाजूची कास्ट मारताना बोट लवकर सुटलं तर ल्यूर उजवीकडे जातो, उशिरा सुटलं तर डावीकडे. गच्चीवर बादली ठेवून, हुक काढलेला ल्यूर बांधून हे बघा. चूक कुठे होते ते लगेच दिसतं, पाण्यावर ते कळत नाही.

आता थांबवणं. स्पिनिंग रीलवर लाइन सुटल्यावर रॉड धरलेल्या हाताची तर्जनी स्पूलच्या कडेजवळ न्या. ल्यूर लक्ष्यापासून मीटरभर राहिला की बोटाने कडेला हलकासा स्पर्श करा. लाइन घासून जाते, ल्यूरचा वेग मरतो आणि तो नाक वर करून अलगद बसतो. फायदा दुहेरी. आवाज कमी होतो, आणि पाण्यावर सैल लाइन पडत नाही. मुळांजवळ हे फार महत्त्वाचं, कारण सैल लाइन गोळा करेपर्यंत ल्यूर दोन फूट बुडून मुळांत गेलेला असतो. बेल (स्पूलवरची तारेची कमान) नेहमी हाताने बंद करा, हँडल फिरवून नव्हे. ब्रेडेड लाइनचे निम्मे गुंते तिथेच वाचतात.

लीडर मात्र बदला. ३० पाउंड कालवांच्या धारेवर टिकत नाही. ४० तरी हवा, मी ५० लावतो. कास्ट मारताना लीडरची गाठ गाइडच्या (रॉडवरच्या कड्यांच्या) बाहेर राहील इतकाच लांब ठेवा. गाठ एफजी (बारीक, सडपातळ प्रकारची) असेल तर थोडी आत गेली तरी चालते.

---

दर्याचो_पोर | सोमवार, सकाळी ७.१५

इतक्या सगळ्या शिकण्यापरीस एक कोयतो घेवन जा आणि आडयेतली फांदी तोडून टाक. काम झाला. 😄

---

सुमेधा_रा | सोमवार, सकाळी ८.५०

हसण्यावारी नेऊ नका प्लीज. एक फांदी म्हणता म्हणता अख्खी कड मोकळी झालेली आम्ही आचऱ्याच्या बाजूला बघतोय. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्याबाबत अगदी स्पष्ट आहे. राज्याच्या वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. आणि ज्या पांढऱ्या चिप्पीची फांदी तुम्ही तोडाल तो २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे.

ते सगळं बाजूला ठेवलं तरी, मासा तिथे थांबतो तो त्या सावलीसाठी. सावली तोडलीत की जागाच गेली.

---

दर्याचो_पोर | सोमवार, सकाळी ९.०२

गो बाय, मस्करी केलंय. आमच्या घराकडची चिप्पी माझ्या आज्यान राखलेली हा.

---

केर्न्सकर | सोमवार, दुपारी १.२०

क्वीन्सलंडच्या उत्तरेत राहतो. गंमत म्हणजे मासे तेच. तुमचा जिताडा इथे बॅरामंडी, तुमची तांबोशी इथे मँग्रोव्ह जॅक. मुळंही तशीच, कालवंही तशीच धारदार.

खाडीकरकाकांनी लिहिलं त्यात स्किप कास्टची भर घालतो, कारण दोन फुटांच्या फटीला खरा उपाय तोच. चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो, तसा ल्यूर जाऊ द्यायचा. फांदीच्या कडेच्या दीड-दोन मीटर अलीकडे ल्यूर पाण्याला लागला पाहिजे, आणि तिरका नव्हे, पोटावर. तिथून तो उड्या मारत आत शिरतो, पाण्यापासून वीतभरसुद्धा वर न जाता.

ल्यूरची निवड इथे निम्मं काम करते. चपट्या पोटाचा मऊ प्लास्टिकचा मासा किंवा कोळंबी, वजन नसलेल्या किंवा अगदी हलकं वजन असलेल्या रुंद हुकवर, हुकचं टोक अंगात लपवून. पोकळ बेडूकही (बेडकाच्या आकाराचा ल्यूर) सुरेख टप्पे खातो. दोन-दोन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक लोंबणारा कडक ल्यूर मात्र पहिल्याच टप्प्याला पाण्यात अडकून कोलांटी खातो. त्याने स्किप करायचा नाद सोडा.

उंच माणसाने गुडघ्यावर बसावं. मी होडीत शीतपेटीवर बसून मारतो. हाताची उंची जितकी कमी, तितका टप्प्याचा कोन बरा. कास्ट नेहमीपेक्षा जोरात मारावी लागते, घाबरत मारलेला ल्यूर एक टप्पा खाऊन बसतो. बेटकास्टर असेल तर स्किपसाठी ब्रेक नेहमीपेक्षा वाढवून ठेवा. पाण्याला लागताच ल्यूरचा वेग घटतो, स्पूल मात्र तेवढ्याच वेगाने फिरत राहतो, आणि गुंता होतो तो नेमका त्या क्षणी. स्पिनिंगवर ही भानगड नाही. म्हणून स्किप शिकायला स्पिनिंगच बरी, दुकानदार काहीही म्हणो.

---

जुना_खाडीकर | सोमवार, दुपारी २.१०

स्किप उत्तम, पण वारा असेल तर नाही. पाण्यावर लाट उठली की दुसरा टप्पा कुठे जाईल ते देवाला ठाऊक. आमच्याकडे दुपारी खारा वारा सुटला की मी स्किप बंद करतो.

आणि स्किपचा आवाज? तुम्ही म्हणाल चालतो.

---

केर्न्सकर | सोमवार, दुपारी २.४५

चालतो काय, हवाच असतो! जॅक आणि बॅरा टपटप आवाजाने वळतात. पळणारी कोळंबी किंवा बोय असाच आवाज करते. ल्यूर अलगद बसवणं मी उथळ, स्वच्छ पाण्यासाठी राखून ठेवतो.

---

जुना_खाडीकर | सोमवार, दुपारी ३.००

गढूळ पाण्यात मान्य. गणपतीनंतर पाणी निवळू लागलं की आमची तांबोशी एवढी उतावळी राहत नाही. पहिल्या टप्प्यालाच आत पळते. इथे आपलं जमणार नाही, असो.

---

मरळवेडा_भंडारा | सोमवार, रात्री ८.३०

खाडीवाल्यांनी धागा पळवला, जरा गोड्या पाण्याचंही ऐका. आमचे मालगुजारी तलाव. काठाने बेशरम, त्यापुढे पाणकणीस, मग कमळाची नाहीतर शिंगाड्याची पानं. मरळ या सगळ्याच्या मधल्या परातीएवढ्या मोकळ्या जागेत श्वास घ्यायला वर येते. तिला हवेतला श्वास लागतोच, म्हणून ती जागा सापडते तरी.

बेशरमच्या झुडपात उभं राहून रॉड मागे नेता येत नाही, बाजूनेही नेता येत नाही. तिथं धनुष्यबाण कास्ट. ल्यूर डाव्या हातात घ्यायचा, रीलची बेल उघडून लाइन उजव्या तर्जनीने धरायची. ल्यूर मागे ओढून रॉडचं टोक वाकवायचं, रॉड ज्या फटीकडे रोखलेला आहे तिथंच ल्यूर जातो. डावा हात आधी सोडायचा, लगेच मागून बोट. पाच-सहा मीटर आरामात. त्याहून जास्त लागतही नाही.

खबरदारी: उघडे हुक असलेला ल्यूर असा ताणू नका. पोकळ बेडूक यासाठी उत्तम, त्याचे दोन्ही हुक पाठीला चिकटलेले असतात. तोही शेपटाकडून चिमटीत धरायचा.

बेडूक मरळच्या डोक्यावर टाकायचा नाही. पलीकडे, पानावर टाकायचा. पानावर क्षणभर राहू द्यायचा, मग घसरत पाण्यात येऊ द्यायचा. पलीकडचा काठ जवळ असेल तर सरळ काठाच्या मातीवर टाका आणि तिथून पाण्यात उतरवा. यापेक्षा अलगद ल्यूर कुणालाच टाकता येत नाही, आणि तंत्रसुद्धा काही लागत नाही. धडका बसला की लगेच झटका नको. बेडूक दिसेनासा होऊन लाइन ओढली गेली की मग द्या, दोन्ही हातांनी.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका दिसला तर तिकडे ल्यूर टाकू नका. आईबाप खाली राखण करत असतात आणि चिडून हमखास घेतात. त्यांना उचललं की बाकीचे मासे पिल्लांना साफ करतात.

---

मुठाकाठचा_गळ | सोमवार, रात्री ९.१५

शेवटच्या परिच्छेदाला +१.

जलपर्णीबद्दल लिहितो. मुळा-मुठेवर तिची काय ती ददात नाही. (तिथला मासा खायची हिंमत माझ्यात नाही, मी सोडतो.) जलपर्णीचा थर सलग असतो तेव्हा त्याच्या कडेला आणि भोकांत ल्यूर सोडायला फ्लिपिंगसारखं दुसरं तंत्र नाही.

यात रील वापरायचीच नाही. रॉड सात फुटांच्या वरचा, कडक. टोकापासून साधारण रीलपर्यंत येईल एवढी लाइन लोंबती ठेवायची. रील आणि पहिल्या गाइडच्या मधली लाइन डाव्या हाताने बाजूला ओढून धरायची. ल्यूर झोक्यासारखा मागे नेऊन पुढे सोडायचा आणि डाव्या हातातली लाइन सोडत जायचं. ल्यूर पाण्याला लागायच्या आधी लाइन पुन्हा चिमटीत. तो पडतो तेव्हा आवाज म्हणून येत नाही. चार-पाच मीटरच्या टप्प्यात एक भोक, दुसरं भोक, तिसरं भोक, अशी शिवण घातल्यासारखी जागा तपासता येते.

हे कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७० च्या दशकात बास माशांसाठी रुळवलं. त्याआधी तिथले लोक बाराएक फुटी काठ्यांनी पाणगवतात आमिष सोडायचे, म्हणजे आपल्या बांबूच्या गळाचाच प्रकार. स्पर्धांत एवढ्या लांब काठ्या चालेनात, तेव्हा आखूड रॉडने तेच साधायचं हे तंत्र पुढे आलं. आजोबा लोक बांबूने जे करतात त्याला आपण नवं समजतो इतकंच.

पिचिंग हा त्याचा लांब पल्ल्याचा भाऊ. ल्यूर डाव्या हातात रीलच्या उंचीवर धरा, लाइन ताणलेली, रॉडचं टोक खाली. टोक वर उचलता उचलता ल्यूर सोडा, झोक्याच्या तळाशी लाइन मोकळी करा. ल्यूर पाण्यावरून सरपटत गेल्यासारखा जातो. फेकू नका, नुसता सोडा. लोक इथेच जोर लावतात आणि ल्यूर वर जातो. दहा मीटरपर्यंत नेम धरता येतो, स्पिनिंगवरसुद्धा.

भोकच नसेल तर ३०-४० ग्रॅमचं वजन लावून थर फोडून ल्यूर खाली सोडतात. त्याला ५० ते ६५ पाउंडाची ब्रेडेड लाइन लागते, आणि मासा लागला की त्याच्याबरोबर वर येणारा पाच किलो पालाही ओढावा लागतो.

---

सुमेधा_रा | मंगळवार, सकाळी १०.२०

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. आत टाकला, घेतला, पुढे? तांबोशी ल्यूर घेते तीच घराकडे वळून. पहिले दोन-तीन मीटर तिचे, तेवढ्यात ती मुळांत जाऊन लाइन कापते आणि तोंडात हुक घेऊन राहते.

मी कास्ट मारायच्या आधी बाहेर काढायची वाट बघते. फटीला काटकोनात उभं राहून सरळ आत टाकण्यापेक्षा, कडेला समांतर राहून मुळांच्या रेषेलगत टाकलेला ल्यूर जास्त वेळ कामाच्या पाण्यात राहतो आणि माशाला बाहेरच्या बाजूला वळवता येतं. होडी नीट लावली की निम्म्या अवघड कास्टी लागतच नाहीत. ओहोटीत छोटे व्हाळ जिथे खाडीत रिकामे होतात त्या तोंडांशी तर नक्कीच. मासा तोंडावरच येतो, आत जायची गरज नाही. खारबंदिस्तीच्या उघाडीवरही (पाणी सोडायच्या झडपेवरही) तेच.

जिथून मासा निघणारच नाही अशी जागा मी सोडून देते, कितीही मोह झाला तरी.

---

केर्न्सकर | मंगळवार, दुपारी १२.४०

ताईंशी शंभर टक्के सहमत. ड्रॅग (लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक) जवळजवळ पूर्ण आवळून, रॉड आडवा ठेवून पहिल्या क्षणाला माशाचं तोंड वळवायचं. त्यासाठी २० पाउंडाची लाइन आणि मिडियम रॉड कमी पडेल. कर्लीकाठचे, पैसे खर्च करायचेच असतील तर रीलवर नको, ३०-४० पाउंडाची लाइन आणि मिडियम हेवी रॉडवर करा. लांबी मात्र हीच ठेवा, बाजूच्या कास्टीला साडेसहा फूट छान.

बॅरामंडीबद्दल जाता जाता: ते आधी नर असतात, मोठे झाले की मादी होतात. इथे ५८ सेंटिमीटरच्या खालचा आणि १२० च्या वरचा मासा सोडावा लागतो, कायदाच आहे. तुमच्याकडे सक्ती नसली तरी धूड लागलं तर विचार करा.

---

दर्याचो_पोर | मंगळवार, दुपारी १.०५

अडाकलेल्या ल्यूराचा सांगा कोणीतरी. म्हाग पडता.

---

जुना_खाडीकर | मंगळवार, दुपारी ४.१५

फांदीवर पडला की पहिला नियम: झटका नको. झटक्याने हुक लाकडात रुततो. बहुतेक वेळा ल्यूर नुसता फांदीवरून लोंबत असतो. लाइन सैल सोडून हळूच हलवलं की खाली पडतो, आणि पडला तिथेच मासा घेतो असंही होतं, म्हणून तयारीत राहा.

रुतलाच तर होडीने जवळ जा आणि हाताने काढा. लांबून रॉड वाकवून ओढू नका. ताणलेला ल्यूर सुटून सरळ चेहऱ्यावर येतो, म्हणून चष्मा कायम डोळ्यांवर. ब्रेडेड लाइन बोटाला गुंडाळून ओढायची नाही, हाड दिसेपर्यंत कापते. काठीला गुंडाळा.

आणि काठावरून जाणाऱ्यांनी ल्यूर काढायला पाण्यात उतरू नये. वाशिष्ठीत, सावित्रीत मगरी आहेत. गोव्यात कुंभारजुव्याच्या पाण्यातही आहेत. ल्यूर गेला तर गेला.

---

कर्लीकाठचा | शनिवार, रात्री १०.१०

मंडळी, आभार. आठवडाभर गच्चीवर बादली झाली, आईने बादली परत मागितली. बोटाने थांबवणं जमायला लागलंय. आज भांगाचं पाणी होतं, ओढ कमी, म्हणून भाऊ वल्ह्यावर आणि मी पुढे असे गेलो. स्किप दहातून दोनदा नीट गेला असेल. मुळांच्या रेषेलगत समांतर टाकून एक तांबोशी मिळाली, पाऊण किलोची. कोयता नेला नव्हता.

अडचण नवीन. नदीच्या एका तीराला उजव्या हाताची बाजूची कास्ट छान बसते. परतताना मुळं दुसऱ्या बाजूला येतात, रॉड मागे नेला की भावाच्या डोक्यावर. मग काय करायचं? डाव्या हाताने शिकायचं?

---

सुमेधा_रा | शनिवार, रात्री १०.४५

अभिनंदन! डावा हात नको, उलट हाताची कास्ट. रॉड उजव्याच हातात, पण छातीवरून डावीकडे न्यायचा, मनगट आत वळवून, रील आतल्या बाजूला. तिथून बाहेरच्या दिशेने मनगट उघडायचं. जोर कमी मिळतो, म्हणून होडी दोन मीटर आणखी जवळ घ्या. दिशेचं गणित इथे उलटं होतं: बोट लवकर सुटलं तर डावीकडे, उशिरा सुटलं तर उजवीकडे.

पिचिंगला हा प्रश्नच येत नाही, ते दोन्ही तीरांना सारखंच.

---

जुना_खाडीकर | शनिवार, रात्री ११.००

किंवा भावाला पुढे बसवा आणि वल्ही तुम्ही घ्या. त्यालाही गरवू दे की.